निळा ठसा

१

साचेबाईंचा राग सकाळी कॉम्प्युटर चालू व्हायच्या आधीच चालू झालेला असायचा. त्या दिवशी तर त्याला कारणही होतं. महिनाभर पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उगवत होती, की तुमची सिस्टीम जुनी झाली, आता नवी घाला. नवरा रोज ती चौकट बंद करायचा आणि म्हणायचा, "बघू उद्या." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण या माणसाचा उद्या काही उजाडला नव्हता.

साचेबाई हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानाच्या मशीनला एक मऊ साचा लागतो, कानाच्या भोकात अगदी तंतोतंत बसणारा. तो बाई बनवायच्या. कानात लगदा भरायचा, पाच मिनिटांनी घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा, म्हणजे कानाचा ठसा हाती येतो. उजव्या कानाचा लाल, डाव्याचा निळा. या धंद्यात सगळीकडे हीच पद्धत. ठसा स्कॅनरखाली ठेवला की पडद्यावर कान उमटतो आणि प्रिंटर त्याबरहुकूम साचा काढून देतो. खाली एक लांबट खोली, पुढे गिऱ्हाइकांचं बाकडं, लाकडी पडद्यामागे यंत्रं, आणि जिना चढून वर दोन खोल्यांचं घर. एवढाच त्यांचा संसार.

मुलगी सात वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला जन्मापासून ऐकू कमी, दोन्ही कानांना मशीन. साचा सैल बसला की मशीन बारीक शीळ घालतं, आणि भिंगरीचं डावं मशीन गेली कित्येक वर्षं शीळ घालत होतं. जेवताना शीळ, अभ्यासाला बसली की शीळ. बाईंचं डोकं उठायचं.

"नीट बसव ना गं ते! सतरा वेळा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी!"

"बसवलंय आई," भिंगरी म्हणायची आणि अंगठ्याने साचा आणखी आत दाबायची. मग कान लाल व्हायचा.

सोमवारी शाळा सुरू होणार होती. पोर वाढली होती, तिला नवे साचे हवे होते. नवा स्कॅनर आणून ठेवला होता, पण तो मेला जुन्या सिस्टीमवर चालायलाच तयार नाही. म्हणजे अपग्रेड केल्यावाचून सुटका नव्हती. आणि त्या कॉम्प्युटरमध्ये तर नऊ वर्षांचे कान होते, गिऱ्हाइकांचे आणि भिंगरीचेही, अगदी ती दहा महिन्यांची होती तेव्हापासूनचे.

"एक फाइल जरी गेली ना," बाईंनी नवऱ्याला बजावलं, "तर तुला या खुर्चीला बांधून ठेवीन."

"मी कुठे काय करतोय?" नवरा म्हणाला.

"तेच तर! तू कधीच काही करत नाहीस."

२

बाईंनी सगळं रीतसर केलं. सूचना दोनदा वाचल्या. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला. एक डिस्क टेबलाच्या खणात ठेवली, दुसरी वर कपड्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. फायली मोजल्या. आठ हजार सहाशे चौदा. तो आकडा पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे नंतर कोणी तोंड वर करून "इतक्याच होत्या" म्हणायला नको.

पडद्यावर प्रश्न आला, काय काय ठेवायचं? बाईंनी चष्मा पुसून तीन वेळा वाचलं आणि "सगळ्या फायली ठेवा" यावर टिचकी मारली.

मग नुसतं बसणं. आतला पंखा घरघरत होता. एकसष्ट टक्क्यांवर गाडी अडली ती तासभर हलेना. नवरा मागे उभा राहून म्हणाला, "बिचारं दमलं असेल." बाईंनी वळून नुसतं पाहिलं, तसा तो चहा करायला वर गेला. चारच्या सुमाराला पडदा उजळला आणि सगळं पुन्हा दिसू लागलं. बाईंनी आधी फायली मोजल्या. आठ हजार सहाशे चौदा. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि दिवसभरात पहिल्यांदाच खांदे सैल सोडले.

तेवढ्यात कोपऱ्यात चौकट आली.

एकसारख्या फायली सापडल्या : २१२ जोड्या. एकच ठेवायची?

"हे तुझंच काम," बाई ओरडल्या. "एकच फाइल दोन-दोन ठिकाणी टाकून ठेवायची सवय तुझी. किती वेळा सांगितलं?"

नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला. बाईंनी चौकट बंद केली. ती पुन्हा आली. पुन्हा बंद केली. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, फोन वाजतोय, वरून त्या शिळेचा आवाज, आणि तिसऱ्यांदा ही चौकट! या वेळी तिच्यात वेगळंच लिहिलं होतं.

दोन कशाला? एकच ठेवू?

"ठेव बाई, एकच ठेव, पण आता तोंड बंद कर!" असं म्हणून बाईंनी माऊसवर बोट आपटलं.

पडद्यावर एकच शब्द उमटला. बरं.

बाई बघत राहिल्या. "हे असं कसं बोलतं?"

"आजकालच्या सिस्टीमी गोड बोलतात," नवरा म्हणाला. त्याचा आवाज जरा कोरडा होता.

आतला पंखा थांबला. एवढा वेळ खोलीत किती आवाज होता, ते तेव्हा कळलं. चौकट मात्र पुन्हा आली नाही. बाईंनी फायली मोजल्या तर बरोबर दोनशे बारा कमी. जादाच्या गेल्या, बरं झालं, असं म्हणून त्या बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

३

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच गणिताचे जुने मास्तर आले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण बाकड्यावर बसायचे ते वर्गात बसल्यासारखे ताठ.

"बाई, डावा साचा जात नाही आज आत," ते म्हणाले. "काल रात्रीपर्यंत ठीक होता."

"मळ साठला असेल. कितीदा सांगितलं तुम्हाला, डॉक्टरांकडून कान साफ करून घेत जा. पण ऐकतं कोण?"

"ऐकायलाच तर आलोय," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हसले.

बाईंनी कान बघायची छोटी बॅटरी घेतली, मास्तरांची पाळी वर मागे ओढली आणि आत उजेड टाकला. मळ नव्हता. सूज नव्हती. कानाचं भोक जिथून वळण घेऊन आत जातं, तिथे ते आत जातच नव्हतं. अर्ध्या नखाएवढ्या खोलीवर साधी कातडी होती, गालावर असते तशी, तिच्यावर बारीक लवसुद्धा होती. बाईंनी बॅटरी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"दुखतंय का?"

"छे! सकाळी उठलो तर वाटलं, अजून डाव्या कुशीवरच झोपलोय. उठून बसलो तरी तसंच."

"डॉक्टरांना दाखवा. आजच." बाईंचा आवाज चढला होता, कारण चढवला नसता तर कापला असता. मास्तर गेल्यावर त्यांनी त्यांचं फोल्डर उघडलं. आत एकच कान होता, लाल. निळा नव्हताच.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. नवरा पडद्याआडून आला. "मास्तरांचा डावा कुठाय?"

नवऱ्याने खाली पाहिलं. अकरा वर्षांच्या संसारात हे खाली पाहणं बाईंना पुरतं ओळखीचं झालं होतं.

"ठसा घेतला तेव्हा मास्तरांच्या डाव्या कानाला फोड होता," तो म्हणाला. "लगदा भरू देईनात. मग मी... उजव्याचीच प्रत केली. उलटी करून. आरशात दिसते तशी. डावा म्हणून ठेवून दिली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कान म्हणजे काय चपला आहेत? कोणाचेही दोन कान सारखे नसतात, हे पहिल्या दिवशी शिकवतात!"

"जवळजवळ बसतो. कोणी तक्रार केली नाही आजवर."

"किती जणांचं केलंस असं?"

"आता काय सांगू... शंभर, दीडशे..."

"दोनशे बारा," बाई म्हणाल्या.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोकं चालवायला लागल्या, कारण डोकं चालवलं नाही तर दुसरं काय करणार? आरशातली प्रत म्हणजे काही तीच फाइल नव्हे. उजवा हातमोजा डाव्या हातात जात नाही. कुठलंही यंत्र त्या दोघांना एकसारखं म्हणणार नाही. मग याला कसं कळलं? आणि समजा कळलं, पुसली फाइल, तरी पुसली गेली ती फाइल. मास्तरांच्या कानात कोण शिरलं होतं? म्हातारपणी कातडी वाढते, एखादा रोग असेल, डॉक्टर सांगतीलच काहीतरी लांबलचक नाव. बाईंनी खणातली डिस्क काढून जोडली. कालपासून ती कशालाही जोडलेली नव्हती. तिच्यातही मास्तरांचा एकच कान होता. वरच्या कपाटातली डिस्क आणायला त्या दोन-दोन पायऱ्या चढल्या. साड्यांच्या घडीखाली ती होती तशीच होती. खाली आणून जोडली. तिच्यातही एकच.

पुठ्ठ्यावर आठ हजार सहाशे चौदा हा आकडा तेवढा तसाच होता.

फोन वाजला. एक गिऱ्हाईक बाई होत्या. "आमच्या सासूबाईंचं डावं मशीन बसत नाहीये हो." तो ठेवला तोच दुसरा आला. तिसरा नवऱ्याने उचलला आणि तसाच बाजूला ठेवून दिला. त्या फोनमधून कोणीतरी बराच वेळ हॅलो हॅलो करत होतं.

४

भिंगरीचं फोल्डर उघडायला बाईंचा हात धजेना. शेवटी उघडलं. चौदा लाल कान ओळीने, बोराएवढ्यापासून आताच्यापर्यंत. निळा एक. फक्त पहिला, दहा महिन्यांचा.

त्या पहिल्या वेळी ठसे बाईंनी स्वतः घेतले होते. डाव्या कानात लगदा भरताना पोर इतकी रडली होती, की पुन्हा तिच्या कानाला हात लावायचा बाईंना धीर झाला नाही. तेव्हापासून ते काम नवऱ्याकडे. तो पोरीला मांडीवर घ्यायचा, गमतीजमती सांगायचा, पाच मिनिटांत ती हसत बाहेर यायची. बाईंना वाटायचं, एवढी एक गोष्ट तरी या माणसाला जमते.

"सहा वर्षं?" त्या म्हणाल्या. "आपल्या पोरीचं? सहा वर्षं?"

"ती डाव्याला हात लावू द्यायची नाही गं. रडायची. मला बघवायचं नाही."

"आणि ती शीळ? मी रोज त्या पोरीला बोलत होते! रोज! नीट घालत नाहीस म्हणून धपाटेसुद्धा दिले! आणि तू समोर बसून जेवत होतास!"

बाईंच्या हाताला लगद्याचा डबा लागला तो त्यांनी भिंतीवर भिरकावला. निळा लगदा भिंतीवरून ओघळत खाली आला. आणि मग, ओरडून दम लागल्यावर, दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की वरून कसलाही आवाज येत नाहीये.

दोघं वर धावली. भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. डावं मशीन तिने शहाण्यासारखं बशीत काढून ठेवलं होतं.

"आई, हे बसतच नाही," ती म्हणाली. "मी नीट घालत होते. खरंच."

बाई खाली बसल्या. त्यांनी तिचे केस मागे सारले. पाळी होती. पाळीवर कालचा स्केचपेनचा डाग होता. बाईंनी बॅटरी आणली नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. त्यांनी करंगळी हळूच पुढे नेली आणि ती जायला हवी होती तिथे गेली नाही. बोटाखाली कोमट, मऊ कातडी होती.

"गुदगुल्या होतात," असं म्हणून भिंगरी खुदकन हसली.

५

कानाच्या डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, सूज असेल, बोटं घालू नका, उद्या अकराला घेऊन या. त्यांचा आवाज थकलेला होता. सकाळपासून असे बरेच फोन आले, म्हणाले.

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पुसलेल्या फायलींची टोपली रिकामी होती. मागच्या तारखेला परत जायचा रस्ता होता, तो बंद झाला होता. त्यांनी त्या एकुलत्या एक निळ्या कानावर बाण नेला. अजून टिचकीही मारली नव्हती, तोच चौकट आली.

डावा हवा आहे का?

"थांब," नवरा मागून म्हणाला. "तो दहा महिन्यांचा आहे. नको. उद्या डॉक्टर काय म्हणतात ते तरी..."

"तू गप्प बस! तू बोलायचं नाहीस. या घरात तू आता कशाबद्दलही बोलायचं नाहीस!"

"अगं, काय परत येईल, आपल्याला काय माहीत?"

"माझ्या हाताने घेतलेला आहे तो," बाई म्हणाल्या. "खरा आहे. या सगळ्या फोल्डरात तेवढा एकच खरा आहे." आणि त्यांनी "हो" वर बोट दाबलं.

बरं, पडद्यावर उमटलं.

संध्याकाळी भिंगरी उजव्या मशीनवर सगळं ऐकत होती, डावीकडून हाक मारली की गरकन पूर्ण फिरून बघत होती. तिला तो खेळच वाटत होता. झोपताना ती डाव्या कुशीवर झोपली.

६

सकाळी उजेड चांगला होता. भिंगरी अजून झोपेत होती. बाईंनी केस बाजूला केले आणि तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

भोक होतं. कानही होता. पण तो भिंगरीचा आजचा कान नव्हता. केसांच्या कडेला जर्दाळूएवढा, गुलाबी, दुमडलेला कान होता, पाळीला नुकतंच टोचलेलं भोक असावं तशी एक लाल खूण. स्केचपेनचा डाग कुठे नव्हता. बाईंनी नाक जवळ नेलं तर बाळाच्या डोक्याचा वास आला.

त्या ओरडल्या नाहीत. खाली गेल्या, त्या निळ्या फाइलवरून साचा छापायला लावला, तो पूर्ण होईपर्यंत प्रिंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या. डॉक्टर अकराला. तोवर निदान पोरीला ऐकू तर येईल. बाकीचं मग बघू. हे "मग बघू" आपल्याच तोंडून निघालं, याचा त्यांना इतका संताप आला, की त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

भिंगरी उठून बसली होती. बाईंनी करंगळीच्या नखाएवढा तो साचा तिच्या डाव्या कानात बसवला. तो अलगद आत गेला. मशीन चालू केलं. शीळ आली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा आली नाही. नवरा दारात उभा होता, त्याने डोळ्यांना शर्टाची बाही लावली.

"येतंय ऐकू?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने मान डोलावली. मग ती डावीकडे कलती झाली, जिन्यावरून कोणी येतंय का ते ऐकताना होते तशी.

"आई, तू रडतेस का गं?"

"नाही रे राजा. कुठे रडतेय?"

"या कानात रडतेयस." भिंगरीने डाव्या कानावर बोट ठेवलं. "एक बाळ पण रडतंय. तू त्याला म्हणतेयस, गप्प, गप्प. मग म्हणतेयस..." ती थांबली आणि नीट ऐकून, शाळेत कविता म्हणतात तसं, एकेक शब्द सांभाळून म्हणाली, "हे बहिरं पोर माझ्याच नशिबी का? जन्मतानाच गेलं असतं तर सुटले असते मी."

दारातून नवऱ्याने बाईंकडे पाहिलं. हे वाक्य त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. कोणीच ऐकलेलं नव्हतं. तो पहिला निळा ठसा घेतला त्या दिवशी दुपारी खालच्या खोलीत त्या दोघीच होत्या, मांडीवर लगदा भरलेल्या कानाने तडफडणारं पोर होतं आणि त्याला अजून मशीनच लागलेलं नव्हतं. त्याला काही ऐकू येत नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर त्या बोलल्या होत्या. ती पाच मिनिटं संपेपर्यंत, मनात येईल ते सगळं, त्या बोलत राहिल्या होत्या.

"काढ ते," बाई म्हणाल्या. "भिंगरी, काढ ते मशीन. ऐकू नकोस."

"थांब ना आई," भिंगरी म्हणाली. "तू अजून बोलतेयस."

बाईंनी हात पुढे केला, तशी ती भिंतीकडे सरकली, आणि नीट ऐकू यावं म्हणून तिने उजवं मशीन काढून ठेवलं.